वृंदाचे आकडे

“...म्हणजे आकडे बदलायचे की नाही, बुवा? तेवढं सांगा.”

श्रीरंग अजून दारातच होता. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

बुवा म्हणजे काही मठातले बुवा नव्हेत. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर राहणारे अच्युतराव पेंढारकर. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. छातीपर्यंत दाढी आणि विचारलेल्या प्रश्नाला लवकर उत्तर न देण्याची खोड, एवढ्या भांडवलावर पोरांनी त्यांचा बुवा करून टाकला होता.

भूमिकांचा खेळ गावात आणला तो त्यांनीच. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण गोष्टीतलं एक पात्र होतो. त्या पात्राची ताकद किती, चपळाई किती, अक्कल किती, हे तीन फासे टाकून ठरतं. उरलेलं सगळं जग, म्हणजे वादळं, दरोडेखोर, राक्षस, हे खेळ चालवणारा एकटा चालवतो.

श्रीरंग बुवांकडेच शिकला. आता सांगलीत त्याची स्वतःची टोळी होती, आणि खरं सांगायचं तर, आपण गुरूपेक्षा जरा बरंच चालवतो असं त्याला मनातून वाटायचं.

“आत ये,” बुवा म्हणाले. “कुणाचे आकडे?”

“वृंदाचे.”

वृंदा त्याची शाळेपासूनची मैत्रीण, आणि आता त्याच्या टोळीतली. तिचे फासे असे पडले होते की बघणाऱ्यानं मान फिरवावी. ताकद पाच, चपळाई सहा. बाकी कुणाचाच आकडा चौदाच्या खाली नाही. पुन्हा टाक, म्हणून श्रीरंगनं किती विनवलं. ती हसून म्हणाली होती, पडले ते माझे.

“काल म्हणाली, पुढच्या रविवारपासून मी येत नाही.”

“का?”

“का म्हणजे? अहो, तिथे एकेक पहिलवान गडी, आणि त्यांच्यात ही. टोळीला समतोलच नाही. तरी मी तिला किती जपलं, बुवा. दरोडेखोर आले तर दुसऱ्यांवर गेले. पूल तुटला तो ती पलीकडे पोचल्यावर. तिला ओरखडा उठू दिला नाही मी. माझ्या खेळात आजवर कुणी मेलेलं नाही.”

हे शेवटचं तो जरा ताठ होऊन बोलला. मग आवाज उतरला.

“ती गेली तर... मला रविवार खायला उठेल.”

सकाळपासून चहासुद्धा गेला नव्हता. एसटीत बसल्यापासून तो तिला पाठवायचा निरोप मनात जुळवत होता आणि पुसत होता.

खाली दुकानात कुणीतरी तार लावत होतं.

“सगळ्यांचे आकडे सारखे करून टाकतो,” श्रीरंग म्हणाला. “म्हणजे कुणाला कमीपणा नको. चालेल ना?”

बुवांनी तीन फासे त्याच्यापुढे सरकवले.

“टाक.”

“मी?”

“ताकद.”

तीन फासे मिळून चार पडले. चपळाई सात.

“पुन्हा टाकू?”

बुवांनी नकाराची मान हलवली. मग सुरुवात केली.

“तुम्ही तिघं जंगलात आहात. तू, एक ढालवाली आणि एक तिरंदाज. त्या दोघांना मी चालवतो. समोर गुहा. गुहेतून अस्वल बाहेर येतं.”

श्रीरंगला तेवढ्यापुरतं हायसं वाटलं. खेळात त्याला काय करायचं ते कळायचं.

“मी काठी घेऊन पुढे होतो.”

“अस्वल ढालवालीकडे जातं.”

“मी त्याच्या वाटेत उभा राहतो.”

“ते वळसा घालतं. ढाल फुटते.”

“मी दगड मारतो.”

“लागला. अस्वल तिरंदाजाच्या अंगावर जातं.”

“मी ओरडतो. जोरात.”

“बरं.”

“बरं म्हणजे? अस्वल काय करतं?”

“तिरंदाजाला फेकतं.”

श्रीरंग खुर्चीच्या कडेवर आला. अस्वल तोंडानं सांगितलेलं, जंगलही तसलंच. पण आपण त्या जंगलात आहोत की नाही, अशी भलतीच धास्ती त्याला वाटायला लागली.

“मी त्याच्या पाठीवर चढतो.”

“चढलास. ते अंग झटकतं. तू खाली पडतोस. खाली मऊ गवत आहे.”

“मला लागलं?”

“नाही.”

“मी उठतो. त्याच्या नाकावर काठी हाणतो.”

“ते ढालवालीकडे वळतं.”

श्रीरंगनं फासे टेबलावर आपटले. एक घरंगळत जाऊन कपाटाखाली गेला.

“मग मी इथे बसलोय कशाला?”

बुवा उठून कपाटाकडे गेले.

श्रीरंगला कालचं आठवलं. काल वृंदानंही फासे खाली ठेवले होते. तिनं आपटले नव्हते. एकेक उचलून डबीत घातले होते, झाकण लावलं होतं आणि म्हणाली होती, तुमचं चालू दे. थकली असेल, असं त्याला वाटलं होतं. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

तो म्हणाला, “म्हणजे... अस्वल तिच्या अंगावर सोडू?”

बुवा वाकून कपाटाखालचा फासा शोधत होते.

“अहो, मरेल ती. एका फटक्यात जाईल. आणि मग तर यायचीच नाही. तुम्हाला नाही कळत, बुवा, ताकद पाच आहे तिची...”

“पाच आहे, हे तुला माहीत आहे.”

“हो.”

“आता मलाही.”

“हो...”

बुवांना फासा सापडला. फुंकर मारून त्यांनी तो श्रीरंगच्या हातावर ठेवला.

“अस्वलाला कुणी सांगितलं? ते कशाला टाळेल तिला?”