आवराक्काचं बोट

हात काढ आधी त्या खपलीवरून, निमे! गोष्ट हवी ना? मग हात पांघरुणात.

तर काय झालं, एका गुडघ्याच्या कातडीखाली एक गाव होतं. इवलंसं, बरं का, मोहरीच्या दाण्यात मावेल एवढं. त्याला राजासुद्धा होता. गावाच्या भिंतीला भगदाड पडलं की धोंडू ढोलवाला ढोल वाजवायचा, "वाढा, वाढा!" मग गवंडी धावत यायचे, भिंत बांधायचे. भिंत पुरी झाली की म्हातारी आवराक्का ढोलावर बोट टेकवायची. ढोल गप्प, गवंडी घरी.

राजाला ते खपेना. म्हणाला, "ही नुसता मोडता घालते. जा म्हणावं माहेरी!" अक्कानं रागारागानं बोचकं उचललं नि गेली.

मग पुन्हा भगदाड पडलं. ढोल वाजला, भिंत झाली. पण ढोल थांबेना! धोंडूचे हातच त्याचं ऐकेनात. भिंत अंगणात शिरली. राजा म्हणाला, "वा, नव्या खोल्या!" मग ती विहिरीच्या वाटेवर आली. राजा म्हणाला, "बघू उद्या." मग आली थेट महालाच्या दारावर, नि राजा, राणी, त्यांची चिमुकली लेक, सगळी आत कोंडली. लेक पाण्यासाठी रडायला लागली. राजा ओरडला, "थांबा रे!" पण ढोलापुढे त्याचं कोण ऐकतंय? अति तिथे माती, ती अशी.

धोंडूच्या कानावर ते रडणं पडलं. बिचारा स्वतःच रडकुंडीला आला. मग गळ्यातला ढोल बडवत तसाच सुटला अक्काच्या माहेराला. अन् गवंडी त्याच्यामागे, रस्ताभर भिंत बांधत! मेली गाढवं!

अक्का भाकरी थापत होती. धोंडू म्हणाला, "अक्का, लेकरू तहानलंय गं!" राग होताच तिला, पण उठली. पिठाचं बोट ढोलावर टेकवलं. ढोल गप्प. धोंडू तिथेच ओट्यावर घोरायला लागला.

मग अक्कानं गवंड्यांना माघारी नेलं नि दारावरची भिंत पाडायला लावली. लेक घटाघटा पाणी प्यायली. राजानं हात जोडले, "अक्का, चुकलो." अक्का म्हणाली, "ते असू दे, माझी भाकरी करपली त्याचं काय?" तेव्हापासून ढोलाशेजारी अक्काचा पाट कायमचा मांडलेला. सगळी सुखानं नांदली.

तुझ्या गुडघ्यातला ढोल अजून वाजतोय, म्हणून खाजतंय. भिंत झाली की अक्का बोट टेकवेल, खपली आपोआप पडेल. तू नख लावलंस तर पुन्हा पहिल्यापासून सगळं! दमते गं ती. तिची नाही तर निदान या म्हातारीची तरी दया कर. मीट डोळे.