ठकूची लेक वेशीच्या आत

एकदा काय झालं, एक होती ठकू. अंगावरचं लुगडं आणि पोटातलं पोर, एवढंच घेऊन ती रानोमाळ चालली होती. का म्हणजे? परक्या राजाची फौज आली होती ना तिच्या गावावर! गाव जाळलं मेल्यांनी. नवरा गेला, घर गेलं. ए सुमे, चुळबुळ करू नकोस. ऐकायचं तर नीट ऐक.

मग चालता चालता लागलं एक मोठं नगर. भोवती उंच तट, तटाला एकच वेस. नगराचा कायदा असा, की दिवसा कुणीही आत यावं, विटा वाहाव्यात, चुना मळावा, नगरातल्यांची घरं बांधावीत. पण दिवेलागण झाली की बाहेरच्यांनी बाहेर, आणि वेस बंद. आपल्याच हातानं बांधलेल्या घरात टेकायची सोय नाही, बरं का! ठकूसारखी कितीतरी माणसं तटाखाली उघड्यावर पडलेली असायची. तिथंच एका मोडक्या गाडीच्या आडोशाला ठकू बाळंत झाली. मुलगी झाली. नाव ठेवलं तुळसा.

सुईण म्हणाली, "ठके, पाचव्या दिवशी सटवाई येते, बाळाच्या कपाळावर लिहिते. पण ती दारातूनच येते गं. दार नसलं तर तशीच माघारी जाते. आणि कोऱ्या कपाळाचं तान्हं पोर जगत नाही."

तटाखालची इवली इवली पोरं का दगावतात, ते ठकूला आता कळलं.

मग पाचव्या दिवशी ती बाळाला घेऊन नगरात दार मागायला निघाली. आधी गेली शेठजीकडे. "गोठ्याचं दार चालेल, आजच्यापुरतं." शेठाणी म्हणाली, "आमची गाय नुकती व्यालीय बाई. तुझी नजर लागली तर दूध आटेल." मग गेली धर्मशाळेत. कारभारी म्हणाला, "कुठलं गाव?" तिनं सांगितलं. "ते तर जळलं. नसलेल्या गावाच्या माणसाला खोली कशी देऊ?" घ्या! म्हणे धर्मशाळा! मग गेली सर्जेरावाकडे. हा तिच्याच गावचा, आधी आलेला, हातापाया पडून आत एक खोपट मिळवलेला. तो तिला बघून हात जोडायला लागला. "वहिनी, तुला घेतलं तर मलाही हाकलतील." आणि आतून कडी लावली. कडीमागं रडत होता, हं. पण कडी काही काढली नाही त्यानं.

दिवेलागण झाली. पहारेकऱ्यानं आरोळी ठोकली. मग ठकूनं काय करावं? वेशीच्या आत एक कोनाडा होता. तिनं बाळाला पोटभर पाजलं, पदर फाडून त्यात गुंडाळलं, कोनाड्यात ठेवलं, आणि छातीवर दगड ठेवून गर्दीबरोबर बाहेर आली. वेस बंद झाली.

मग आली सटवाई. म्हातारी, हातात दौत आणि बोरू. "लेकरू कुठाय?"

"आत आहे."

"आणि दार?"

"हे काय, एवढं मोठं!"

"अगं, ही तर नगराची वेस."

"असू दे. दारच ना?"

सटवाई हसली. "लबाड आहेस. पण जे दार, तेच लिहीन मी. पोर आतली होईल. तू बाहेर आहेस."

"मी बाहेर बरी आहे," ठकू म्हणाली. मग सटवाई बंद वेशीतून धुरासारखी आत गेली.

सकाळी पहारेकऱ्यानं बाळाचं कपाळ पाहिलं. लिहिलं होतं, 'ही या नगराची.' म्हणाला, "आतलं माणूस बाहेर झोपलं की कपाळ पुसतं. हिला बाहेर न्यायची नाही." मग तुळसा वाढली पहारेकऱ्याच्या बायकोपाशी. ठकू रोज वेस उघडली की पळत यायची, लेकीला पाजायची, दिवेलागणीला बाहेर जायची. रात्री आत बाळ रडे, बाहेर हिला पान्हा फुटे. तटाला टेकून बसायची बिचारी. मध्ये तो दगडाचा तट! काय म्हणावं त्या माणसांना!

अशी वर्षं गेली. तुळसा मोठी झाली, ठकू थकली. एकदा ठकूला असा ताप भरला, की दिवेलागणीला तिला उठवेना. तुळसा म्हणाली, "काका, आजची रात्र आईला आत राहू द्या." पहारेकरी म्हणाला, "कायदा आहे पोरी." त्यानं ठकूला उचलून बाहेर ठेवलं. मग तुळसानं काय केलं? आपलं अंथरूण काखोटीला मारलं आणि निघाली.

"अगं, कपाळ पुसेल!"

"पुसू दे."

ठकू तापातही चिडली. "बये, यासाठी तुला आत ठेवली होती का?" चिडली, आणि मग तिनं लेकीला कुशीत ओढलं. लेकीला कोनाड्यात ठेवल्यापासून, तिला कुशीत घेऊन झोपायची ती पहिलीच रात्र.

सकाळी ठकू उठली नाही.

वेस उघडली. तुळसाचं कपाळ कोरं झालं होतं. ज्यानं तिला अंगाखांद्यावर खेळवलं, तोच पहारेकरी म्हणाला, "कोण गं तू?"

तुळसा माघारी वळली. फुटक्या विटा गोळा करून तिनं तटाखाली एक खोपट बांधलं आणि त्याला फळ्यांचं दार लावलं. तटाखाली कुणी बाळंत झालं, की पाचव्या दिवशी बाळ तिच्या खोपटात. सटवाई यायची, लिहायची. पोरं जगायला लागली. दरवर्षी कोतवाल येऊन खोपट मोडायचा. शिव्या घालत तुळसा परत बांधायची.

सुखी झाली का, विचारता? ती पोरं जगली, त्यातच तिनं सुख मानलं. संपली गोष्ट. आता डोळे मिटा. आणि सुमे, सरक जरा तिकडं. धाकट्याला अंथरुणात जागा दे.