ओल्या हिरव्यावरची जास्वंद

फार पूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक माळी राहत होता. त्याच्या कौलारू घराभोवतीची बाग बघायला वाटसरूही थांबत. त्याची एकुलती एक लेक लग्न होऊन दूरदेशी जाणार होती. निघताना तिच्या हाती घराचं आणि बागेचं चित्र द्यायचं, आणि तेही स्वतः काढून, असं माळ्याने मनात घेतलं. खुरपं धरणारा हात आता कुंचला धरणार म्हणून गावाने त्याची थोडी चेष्टाही केली.

गावात एक म्हातारी चित्रकार होती. ती त्याला तैलरंग शिकवू लागली. खालचा थर पुरता वाळल्याशिवाय वर दुसरा लावायचा नाही, हे तिने आधीच बजावलं. घर झालं, झाडं झाली, राहिली फक्त फुलं. पण हिरवा रंग काही वाळेना आणि लग्न तर तोंडावर आलं.

माळ्याला धीर धरवेना. त्याने चित्र उन्हात ठेवलं. बोट लावून पाहिलं तर कोरडं लागलं. खूश होऊन त्याने जास्वंद रंगवायला घेतली. कुंचला टेकताच साय फाटावी तसा हिरवा रंग फाटला, लाल त्यात कालवला गेला आणि फुलाच्या जागी नुसता शेणकाला झाला. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हातारीने तेवढा रंग खरवडला, नवा हिरवा लावला आणि विचारलं, "माळीदादा, रोपाने मूळ धरलंय का, हे तुम्ही रोज उपटून बघता का हो?"

माळी ओशाळला. लग्नाच्या दिवशी त्याने बिनफुलांचंच चित्र मांडवात आणलं. ही बाग आहे की मेथीचा वाफा, असं म्हणून पाहुणे हसले. लेकीचाही चेहरा उतरला. एका रात्रीत कागदाची फुलं चिकटवली असती तर आज वाहवा झाली असती, हे माळ्याला कळत होतं.

"बाळ, हे अजून आतून ओलं आहे," तो म्हणाला. "आत्ता नेऊ नकोस."

लेक चित्र न घेताच सासरी गेली. माळ्याला फार वाईट वाटलं, पण त्याने कुंचल्याला हात लावला नाही.

दिवाळसणाला लेक आली, तोवर रंग खोलवर वाळला होता. माळ्याने कुंचला तिच्याच हाती दिला. तिने जास्वंद रंगवली. लाल रंग लालच राहिला. मग बापलेकीने मिळून सारी बाग फुलवली.

"बाबा, तेव्हाच पुरं करून दिलं असतंत, तर यात माझा हात कुठे लागला असता?" लेक म्हणाली.

तात्पर्य काय, तर घाई मायेपोटी केली तरी काम नासतंच. मायेलाही थांबता आलं पाहिजे.