रेघूच्या लाडवाची चिमूटभर चव

एक होती खार. पाठीवर रेघाच रेघा, म्हणून नाव रेघू.

रेघूनं शेंगदाण्याचे लाडू केले. काल बाजारात नेले. कुणी घेतले नाहीत. टोपली उघडी राहिली, लाडवांना मुंग्या लागल्या. गेले सगळे लाडू.

आज तिनं घरातल्या उरलेल्या शेंगा फोडल्या. फट फट फट. पुन्हा लाडू वळले. आता घरात एकही शेंग नाही. लाडू खपले, तर नव्या शेंगा. नाही खपले, तर दुकान बंद.

रेघूनं टोपलीवर घट्ट पान बांधलं. एकही लाडू कमी व्हायला नको.

तुरु तुरु तुरु. रेघू बाजारात आली.

कोंबडी दाणे टिपत होती. टक टक टक.

"कोंबडीताई, लाडू घेता का? मूठभर शेंगा द्या."

"कशी चव, कुणास ठाऊक. शेळीला घेऊ दे. मग मी घेईन."

तुरु तुरु तुरु. शेळी पाला खात होती. करकर करकर.

"कोंबडी म्हणते, शेळीला घेऊ दे.
शेळीमावशी, लाडू घेता का? मूठभर शेंगा द्या."

"कशी चव, कुणास ठाऊक. म्हशीला घेऊ दे. मग मी घेईन."

तुरु तुरु तुरु. म्हैस डबक्यात बसली होती. डुबुक डुबुक.

"कोंबडी म्हणते, शेळीला घेऊ दे.
शेळी म्हणते, म्हशीला घेऊ दे.
म्हशीबाई, लाडू घेता का? मूठभर शेंगा द्या."

"कशी चव, कुणास ठाऊक. कासवाला घेऊ दे. मग मी घेईन."

तुरु तुरु तुरु. कासवआजोबा उन्हात बसले होते. हालत नव्हते, बोलत नव्हते.

रेघूनं दम घेतला.

"कोंबडी म्हणते, शेळीला घेऊ दे.
शेळी म्हणते, म्हशीला घेऊ दे.
म्हैस म्हणते, कासवाला घेऊ दे.
आजोबा, लाडू घेता का? मूठभर शेंगा द्या."

आजोबांनी हळूच मान बाहेर काढली.

"मला दात नाहीत, पोरी. कडक निघाला तर? आधी चिमूटभर दे. चव बघतो."

रेघूनं टोपली घट्ट धरली. फोडलेला लाडू पुन्हा तसा होत नाही. मग तो कोण घेणार? आणि आजोबांना नाहीच आवडला तर?

तिनं टोपलीकडे बघितलं. आजोबांकडे बघितलं. आजोबांना काही घाई नव्हती.

रेघूनं पान सोडलं. एक लाडू फोडला. चिमूटभर आजोबांच्या तोंडात ठेवला.

आजोबा चघळत बसले. मुटू मुटू. मुटू मुटू. रेघूची शेपटी वर खाली, वर खाली.

"मऊ आहे," आजोबा म्हणाले. "उरलेला दे. अजून एक दे. ह्या घे शेंगा."

कासवानं घेतला, म्हणून म्हशीनं घेतला.
म्हशीनं घेतला, म्हणून शेळीनं घेतला.
शेळीनं घेतला, तरी कोंबडी म्हणाली, "मलाही आधी चिमूटभर."

आता रेघू थांबली नाही. लगेच लाडू फोडला. कोंबडीनं चोच मारली, टक. मग तिनं स्वतःला एक घेतला, आणि पिल्लांसाठी पदरभर घेतले.

टोपलीतले लाडू गेले. टोपलीत शेंगा आल्या. रेघू घरी निघाली, पण तुरु तुरु नाही. टोपली जड होती ना. हळू… हळू… हळू.

लाडू सरले, गोष्ट सरली. चला, बोटं चाटून घ्या.