कोरवालीची दुर्बीण

खूप पूर्वी, पशुपक्षी माणसांशी बोलत आणि माणसं ऐकूनही घेत, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक तळं होतं आणि तळ्याकाठी कोळ्यांचं गाव होतं.

पावसाळा म्हणजे माशांच्या विणीचा काळ, म्हणून तेव्हा जाळी बंद असत. पावसाळा सरल्यावर, अमावास्येनंतरच्या बिजेच्या संध्याकाळी चंद्राची कोर दिसली की नगारा वाजे आणि होड्या सुटत. पण कोर पाहण्याचा मान एकाच घराकडे होता. त्या घरच्या बाईला सगळे कोरवाली म्हणत. तिने पाहिली तरच कोर उगवली. इतरांनी पाहिली तर ती नुसती गंमत! बीज हुकली की पुढच्या बिजेपर्यंत जाळी खुंटीला. राजाचा नियमच तसा होता, आणि नियमाला डोळे नसतात.

गेल्या वर्षी मोठी पंचाईत झाली. साऱ्या गावाला कोर दिसली, पण कोरवालीची नजर वयाने मंदावली होती. लोक बोट दाखवून थकले. "अगं, ती काय, चिंचेच्या शेंड्यावर!"

"मला नाही दिसली," ती म्हणाली. "खोटं कसं सांगू?"

गावाने आणखी एक महिना कंदमुळांवर काढला. कोरवालीनेही तीच खाल्ली, वर लोकांच्या शिव्या खाल्ल्या. यंदा पाटलाने तिला स्पष्टच बजावलं, "बाई, या बिजेला दिसली नाही, तर नगाऱ्याची टिपरी खाली ठेव. गाव पुन्हा उपाशी राहणार नाही."

ती टिपरी तिच्या आईची होती, आईच्या आईची होती. कोरवालीची झोप उडाली.

ही गोष्ट राजाच्या कानी गेली. त्याने एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने दिलेली दुर्बीण तिच्याकडे पाठवली. लांब पितळी नळी, तीन पाय, वर नेम धरायला एक छोटी नळी, आणि डोळ्याशी लावायची दोन भिंगं. एक थोडं मोठं दाखवणारं, दुसरं फार मोठं दाखवणारं. सोबत निरोप होता : सूर्याकडे चुकूनही रोखू नकोस, डोळे जातील.

आता तुम्हीच सांगा, दोन भिंगांतलं तिने कोणतं उचललं असेल? तुम्ही उचललं असतं तेच! फार मोठं दाखवणारं. भर दुपारी, सूर्य पाठीशी ठेवून, तिने दुर्बीण कोर पाहायच्या जुन्या मचाणावर चढवली आणि पैलतीरावरच्या देवळाच्या कळसाकडे रोखली. मागोमाग निम्मं गाव मचाणावर चढलं. फळ्या करकरल्या. नळीत दिसलं ते फक्त धुरकट, थरथरणारं पांढरं काहीतरी.

"राजाने ताक घुसळायची रवी पाठवली की काय!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

कोरवाली रडवेली होऊन दुर्बीण पाण्यात टाकायला निघाली. काठावर एक बगळा उभा होता. बगळ्याला सगळं जग ढोंगी म्हणतं. पण ढोंगी असला तरी त्याचं पोट रोज भरतं, हेही जगाने पाहावं.

"बाई, तू उलट्या बाजूने सुरुवात केलीस," बगळा म्हणाला. "मी आधी पाय रोवतो. मग सगळं पाणी न्याहाळतो. एक मासा सगळ्यात शेवटी."

कोरवाली हुशार होती. तिला एवढं पुरलं. तिने काठावरच्या काळ्या कातळावर दुर्बिणीचे पाय फाकवून रोवले. थोडं मोठं दाखवणारं भिंग लावलं. कळस नळीत सापडल्यावर वरच्या छोट्या नळीचे मळसूत्री खिळे पिळून तीही त्याच कळसावर आणली. मग चित्र स्वच्छ होईपर्यंत आतली नळी हळूहळू पुढेमागे केली. कळस दिसला, आणि ती ओरडली.

"अरे देवा! कळस खाली, पायरी वर!"

"पाण्यात मीही उलटाच दिसतो," बगळा म्हणाला. "म्हणून मी पडलो का?"

ती मोठ्याने हसली. त्या दिवसापासून रोज दुपारी तिने कळसावर हात बसवला.

बीज आली. अख्खं गाव काठावर जमलं. पाटील म्हणाला, "मान मचाणावरचा आहे. वर चढ."

"मचाण हलतं, पाटील. कातळ हलत नाही."

"मग बघ तरी लवकर!"

"सूर्य पुरता बुडू द्या."

सूर्य बुडला. छोट्या नळीतून नेम धरून ती डोंगराच्या माथ्यावरचं तांबूस आकाश सावकाश चाळू लागली. काही नाही. पुन्हा चाळलं. लोकांची कुजबुज वाढली. आणि मग नळीच्या कडेला एक बारीक, उजळ रेघ आली. तिने अलगद दुसरं भिंग चढवलं आणि हात काढून घेतला. थरथर थांबली. कोरीच्या कडेवरचे खडबडीत उंचवटेसुद्धा दिसले.

"दिसली!" ती ओरडली.

गंमत पाहा. गेल्या वर्षी सगळ्यांना दिसली होती, तिला नाही. आता तिला दिसली आणि इतर कुणालाच नाही! पाटील पुढे झाला, त्याने नळी घट्ट पकडली, तशी कोर पळाली.

"हात पाठीशी, पाटील!" तिने नेम पुन्हा धरून दिला. पाटलाने डोळा लावला आणि मागे सरला.

"पालथी होडी! अपशकुन! कुणी पाण्यात उतरू नका!"

कोळ्यांच्या बायांनी पोरं जवळ ओढली. सुटलेल्या दोऱ्या पुन्हा बांधल्या जाऊ लागल्या.

"थांबा!" कोरवाली म्हणाली. "या नळीत देवळाचा कळसही उलटा दिसतो. म्हणून देऊळ पडलंय का? नळी सोडा, नुसत्या डोळ्यांनी बघा. त्या सुळक्याच्या डावीकडे, वीतभर वर."

सगळ्यांनी माना वर केल्या. अंधारत्या आकाशात सरळ, डौलदार होडीसारखी कोर तरंगत होती.

"ती बघा! ती बघा!" साऱ्या काठावर एकच गलका झाला. कोरवालीने टिपरी उचलली आणि असा नगारा वाजवला की डोंगराने तो पुन्हा वाजवून दाखवला. होड्या सुटल्या, जाळी पडली, आणि त्या रात्री गावातली एकही चूल विझलेली नव्हती. पाटलाने पहिला मासा कोरवालीच्या हाती ठेवला आणि तिला वाकून नमस्कार केला. तिने तो मासा बगळ्यापुढे ठेवला.

मान तिच्याच घरी राहिला. फक्त मचाण मोडून गावाने त्या लाकडांची नवी होडी बांधली.

तात्पर्य : दूरचं पाहायचं असेल, तर आधी पाय रोवावेत, मग नजर पसरावी आणि मगच ती रोखावी.