मंदरच्या वाडीतली कलिंगडे

पूर्वी मृगी नदीच्या काठी वेणुमती नावाचे नगर होते. तेथे अरिंदम राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नदीच्या वाळूत उन्हाळी वाड्या करणाऱ्या लोकांमध्ये जन्मला होता. त्याचे नाव भद्रक. त्याला स्वतःची जमीन नव्हती. त्याच्या कोणत्याच शेजाऱ्याला नव्हती.

माघात नदी आटून एका अंगाला गेली, की वाळवंट उघडे पडे. मग वाळूचा नायक काठीने रेघा ओढून पट्टे पाडी आणि प्रत्येक घराला एक पट्टा देई. लोक ओल लागेपर्यंत हाताने चर उकरीत. त्यात शेणखत आणि पालापाचोळा घालून भिजवलेले बी टोचीत. वाळू उडू नये म्हणून वाऱ्याच्या बाजूला बोरूचे कूड उभे करीत. चैत्रात त्या उजाड वाळूवर काकड्या, दोडके, कारली आणि कलिंगडे लागत. पावसाळ्यात नदी परत येई आणि रेघा, चर, कूड सगळे घेऊन जाई. पुढच्या वर्षी पट्टे पुन्हा पडत, आणि कोणाचा पट्टा कोठे येईल हे कोणालाच माहीत नसे.

भद्रकाच्या शेजारचा पट्टा त्या वर्षी मंदर आणि शंबल या दोन भावांना मिळाला होता. मंदर थोरला. त्याची बायको मेखला पोटुशी होती. शंबल वीस वर्षांचा होता. आईबाप गेल्यावर मंदरनेच त्याला वाढवले होते.

त्या वाळूवर एक रीत होती. सगळ्यांची फळे एकाच नावेतून बाजारात जात, म्हणून फळ आवळ्याएवढे असतानाच त्यावर नखाने आपल्या घराची खूण करायची. फळ वाढे तशी खूणही वाढे. मंदरची खूण म्हणजे दोन आडव्या रेघा आणि वर एक ठिपका. तो प्रत्येक वेलीवर एकच फळ ठेवी, बाकीची खुडून टाकी, आणि ठेवलेल्या फळावर खूण करी.

चैत्राच्या शेवटी एका सकाळी मंदर फळाखालचे गवत बदलायला वाकला. गवतात नाग होता. शंबलने भावाला पाठीवर घेतले आणि तो काठाकडे धावत सुटला. तापलेल्या वाळूत पाय रुतत होते. मंदर आधी काहीतरी बोलत होता, मग बोलेनासा झाला. काठ यायच्या आतच पाठीवरचे ओझे जड झाले.

तिसऱ्या दिवशी शंबल वाडीत परत आला आणि मग तेथून हललाच नाही.

फळे भरत आली होती. पिकायला लागलेल्या वेलीचे पाणी तोडायचे असते, हे शंबलला माहीत होते. पण एखादे पान मलूल दिसले की तो घागर घेऊन नदीच्या धारेकडे जाई. दिवसातून तीनतीनदा तो वेलींना पाणी घाली. कोणी फळ वाजवून पाहायला आले, तर खुरपे उचली.

पलीकडच्या पट्ट्यावर तुंगा नावाची म्हातारी होती. तिला बोलल्यावाचून राहवत नसे.

"अरे शंबल, कलिंगडं पिकवतोयस की अंडी उबवतोयस?"

"तू तुझं बघ, मावशे."

"माझं बघून झालं. माझी फळं नावेत चढून गेलीसुद्धा. तुझ्या फळांना आता पाय फुटतील आणि तीच चालत जातील."

शंबल हसला नाही. म्हातारी आपल्या फडक्यातली भाकरी त्याच्या कुडाशी ठेवून गेली.

मेखला रोज दुपारी काठावरून येई. चालताना ती कमरेवर हात टेके. एक दिवस ती म्हणाली, "भाऊजी, पाऊस तोंडावर आला. फळं बाजारात गेल्याशिवाय धान्य येणार नाही. घरात दोन मडकी आहेत, त्यातलं एक पालथं घातलंय."

"वहिनी, दुसरं काहीही सांग."

"दुसरं आहे काय आपल्याकडे?"

शंबलने एका फळावरच्या खुणेवरची वाळू बोटाने पुसली. मग म्हणाला, "तोडलं की संपलं. मग दादाच्या हातचं काहीच उरत नाही."

 मेखलेचेही तेच दुःख होते, पण तिच्या पोटात भूकही होती, आणि ती एकटीची नव्हती.

भद्रक हे सगळे आपल्या पट्ट्यावरून पाही. त्याच्या स्वतःच्या वाडीत त्या वर्षी चाळीस वेली उत्तम आल्या होत्या. राजाच्या कोठारावरचा अधिकारी प्रियक याने ती फळे राणीच्या उत्सवासाठी ठरवली होती. फळे वेळेवर पोहोचली, तर काठावरच्या काळ्या जमिनीचा एक तुकडा भद्रकाला कायमचा मिळणार होता. नदी तेथवर कधीच चढत नसे. भद्रकाने तीस उन्हाळे नवी वाळू उकरली होती आणि आता त्याचे गुडघे वाकत नव्हते. त्या जमिनीत एक आंबा लावला, तर पुढच्या वर्षीही तो तेथेच असेल, ही गोष्ट त्याला फार नवलाची वाटे.

उत्सवाला चार दिवस होते. सकाळी शंबल पाण्याला गेला असताना भद्रकाला शेजारच्या वाडीतून आंबूस वास आला. तो पाहायला गेला. अति पाण्याने एक कलिंगड उकलले होते आणि त्यात मुंग्या शिरल्या होत्या. ते तसेच राहिले असते, तर सगळी वेल कुजली असती. भद्रकाने ते देठापासून तोडले आणि दोन्ही हातांत धरून तो वळला, तोच शंबल समोर आला.

शंबलने फळावरची खूण पाहिली. त्याला फुटलेली बाजू दिसलीच नाही. त्याच्या हातातल्या घागरी खाली पडल्या. तो एक शब्द न बोलता भद्रकाच्या वाडीत घुसला आणि वेली उपटू लागला. तो दोन्ही हातांनी ओढी आणि मुळांसकट बाहेर फेकी. लोक धावत येईपर्यंत चाळीसपैकी एकही वेल जमिनीत राहिली नाही. पिकायला अजून चार दिवस हवे असलेली फळे वाळूत घरंगळत गेली. मग शंबल जेथे होता तेथेच उभा राहिला. त्याच्या मुठीत मुळे होती आणि त्यांना ओली वाळू चिकटलेली होती.

लोक नायकाच्या मांडवाखाली जमले. नायकाचे नाव हरिक. तो म्हणाला, "वाळूचा कायदा सगळ्यांना माहीत आहे. जो दुसऱ्याची वेल मारतो, त्याची वाडी त्या दुसऱ्याची होते. मंदरच्या वाडीतली फळं आता भद्रकाची."

मेखला मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. तिने डोळे मिटले. शंबलने वर पाहिले नाही.

कोठारी प्रियक त्याच वेळी, फळे कितपत पिकली ते पाहायला, नाव घेऊन आला होता. सगळी हकिकत ऐकून त्याला हायसे वाटले. तो म्हणाला, "मग अडलंय कुठे? भद्रका, ही फळं भरू या. आकारानं तुझ्या फळांहून उजवीच आहेत."

भद्रक म्हणाला, "त्यांवर माझी खूण नाही."

"राणीसाहेब खूण खात नाहीत, बाबा. गर खातात."

काही लोक हसले. भद्रकही हसला. मग त्याने काठाकडे पाहिले. काळी जमीन तेथून दिसत होती. त्याने ती नीट पाहून घेतली, आणि तो म्हणाला, "कोठारीजी, तुमची नाव रिकामीच जाऊ द्या. ही फळं त्या घरच्या चुलीची आहेत."

"पुढच्या वर्षी ती जमीन दुसऱ्या कोणाची तरी झालेली असेल."

"होय. तो तिथे काहीतरी चांगलं लावील."

हरिक नायक रागावला. "भद्रका, असा कायदा मोडायचा नसतो. उद्या कोणीही उठेल आणि वेली उपटेल."

"कायदा मोडत नाही, नायक. कायद्यानं फळं मला दिली. मी ती मेखलेला देतो. माझी अट एकच आहे. फळं शंबलनं स्वतः तोडायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

शंबल ताडकन उठला. "मला उपकार नको तुमचे. मारा मला. नायकाला सांगा, हात तोडा माझे. ती फळं मी तोडणार नाही."

तो वाडीकडे चालू लागला. भद्रक त्याच्या मागून हळूहळू गेला. गुडघ्यांमुळे त्याला वेळ लागला. तो पोहोचला तेव्हा शंबल एका वेलीपाशी पालथा पडला होता. भद्रक जवळ वाळूत बसला. वारा पडला होता. वरच्या अंगाला, डोंगरांकडे, आभाळ गढूळ दिसत होते.

मग त्याने विचारले, "या वेलीला फळं किती धरली होती?"

शंबलने वाळूतून तोंड वर केले. 

"पाच," शंबल म्हणाला.

"मंदरनं ठेवली किती?"

"एक."

"आणि चार?"

"खुडली. माझ्यासमोर खुडली."

"वाईट वाटलं होतं का तुला?"

"लहानपणी वाटायचं. मी रडायचो. दादा हसायचा. म्हणायचा, सगळी ठेवली तर एकही खाण्याजोगं होणार नाही."

"म्हणजे हे जे ठेवलं, ते खाण्यासाठी ठेवलं."

शंबल उठून बसला. त्याच्या गालाला वाळू चिकटली होती.

भद्रक म्हणाला, "ज्या नखानं त्यानं ही खूण केली, त्याच नखानं आधी चार फळं खुडली, बाळ. मी त्याला पाहिलंय. त्याच्या हातचं राखायचं असेल तर अर्धंच कसं राखशील? तोडणंही त्याच्याच हातचं आहे."

शंबल म्हणाला, "काका, मी त्याला पाठीवर घेऊन पळत होतो. तो काहीतरी सांगत होता. माझ्या श्वासाच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही. मी एकदा थांबलो असतो तर ऐकू आलं असतं."

"थांबला असतास, तर आयुष्यभर म्हणत राहिला असतास, थांबलो नसतो तर वाचला असता."

"मग काय करायचं?"

"ते मला माहीत नाही," भद्रक म्हणाला. "पण फळं किती दिवस टिकतील ते माहीत आहे. ती सगळी उद्यापर्यंत आहेत."

शंबलने खुरपे उचलले. त्याने पहिला देठ कापला, तेव्हा भद्रकाने तोंड दुसरीकडे वळवले. शंबलने ते कलिंगड फोडले. आतला गर दाणेदार होऊन आंबला होता. दुसरेही तसेच निघाले. ती दोन फळे मांडीवर घेऊन तो रडू लागला. भाऊ गेल्यापासून तो रडला नव्हता. तो तोंड उघडे टाकून, लहान मुलासारखा रडला. भद्रकाने त्याला उगी उगी म्हटले नाही. तो फक्त तेथे बसून राहिला.

रडून झाल्यावर शंबल उठला आणि एकेका फळाला टिचकी मारीत पुढे सरकला. आवाज ऐकून तो फळ तोडी आणि गवतावर ठेवी. अठ्ठावन्न फळे चांगली निघाली. तुंगा म्हातारी आपल्या पोरासुनांना घेऊन टोपल्या वाहायला आली. येताच म्हणाली, "पाय फुटले वाटतं शेवटी," आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

संध्याकाळी मेखला वाळूवर आली. शंबलने एक कलिंगड फोडून पहिली फोड तिच्या हातात दिली, दुसरी भद्रकाला दिली, आणि तिसरी घेऊन तो तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

"गोड आहे ना, वहिनी?"

मेखलेने फोड संपवली. बिया हातावर काढून घेतल्या.

"नाही हो, भाऊजी. फिकं आहे. नुसतं पाणी लागतंय."

शंबलचा चेहरा उतरला. "माझं चुकलं. मी पाणी तोडलंच नाही."

"तुमचे दादाही तोडायचे नाहीत कधी," मेखला म्हणाली. "वेल सुकलेली त्यांना बघवायची नाही. दरवर्षी हे काका ओरडायचे, दरवर्षी ते चोरून पाणी घालायचे, आणि दरवर्षी आपलं कलिंगड असंच लागायचं. विचारा काकांना."

भद्रक तोंडातली फोड गिळत म्हणाला, "साऱ्या वाळूवर मंदरइतकी फिकी कलिंगडं कोणाची नसत. ती मोठी दिसायची म्हणून खपायची."

शंबलने आपल्या हातातली फोड खाल्ली. तो थांबला. पुन्हा एक घास घेतला. मग त्याला हसू आले, आणि हसता हसताच डोळे भरून आले, आणि तो म्हणाला, "दादाचंच आहे."

त्यांनी ते सबंध फळ संपवले. दुसऱ्या दिवशी उरलेली फळे बाजारात गेली आणि मेखलेच्या घरी पावसाळ्याचे धान्य आले. चौथ्या दिवशी डोंगरातला पाऊस नदीतून उतरला, आणि संध्याकाळपर्यंत वाळवंटाच्या जागी लाल पाणी वाहू लागले. शंबल काठावर उभा राहून ते पाहत होता. त्याने भद्रकाचा हात धरला होता, कारण काठ निसरडा होता आणि म्हाताऱ्याचे गुडघे वाकत नव्हते.

ही हकिकत तथागतांनी जेतवनात एका तरुण भिक्षूला सांगितली. त्याचा थोरला भाऊही भिक्षू होता आणि वर्षावासात, म्हणजे भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामात, तापाने गेला होता. तेव्हापासून त्या तरुणाने भिक्षेला जाणे सोडले होते. गावातली एक उपासिका त्याच्यासाठी रोज पेज आणून ठेवी आणि तशीच परत नेई. समजूत घालायला आलेल्या एका वृद्ध भिक्षूला त्याने रागाच्या भरात ढकलून दिले होते, आणि त्यासाठीच त्याला तथागतांपुढे आणले होते.

कथा संपवून तथागत म्हणाले, "तेव्हाची मेखला म्हणजे ही पेज आणणारी उपासिका. तुंगा म्हणजे तू ज्याला ढकललेस तो वृद्ध भिक्षू, आणि बोलण्याची खोड त्याला आजही आहे. नायक हरिक म्हणजे तुला येथे घेऊन आलेला संघाचा ज्येष्ठ स्थविर. वेली उपटणारा शंबल तू होतास. भद्रक मी होतो. आणि मंदर तुझा भाऊच होता. तेव्हाही तो तुझा भाऊच होता."

भिक्षूने मान खाली घातली. थोड्या वेळाने त्याने विचारले, "भन्ते, ती पेज आहे का अजून?"

"निवली असेल," तथागत म्हणाले. "पण आहे."

या जन्मात बोधिसत्त्वाने बुद्धत्वाकडे नेणारी जी पारमिता आचरली ती क्षांती, म्हणजे सहनशीलता. आपली वेल उपटणाऱ्याच्या मुठीकडे न पाहता त्याच्या दुःखाकडे आधी पाहणे, आणि ते ओसरेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहणे, ही क्षांती होय.