चोरीचा विस्तव

“झाकण कुणी उघडलं?”

हमाल एकमेकांकडे बघू लागले.

“मी विचारतोय, धुनीच्या हंड्याचं झाकण कुणी उघडलं?”

“कुणीबी न्हाई, म्हाराज,” एकजण म्हणाला. “तार तुमीच आवळलीया. आत्ता सोडलीया बी तुमीच.”

सोडेपर्यंत तार खरंच तशीच होती. सदानंदाने ती स्वतः पकडीने पिळली होती आणि वर लाखेची मोहोर केली होती. मोहोरही शाबूत होती. आत मात्र निखारे नव्हते. काळे, गार कोळसे होते.

सदानंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगणात आता तेवढीच आग उरली होती.

डोंगराखालचा नाथांचा मठ त्या दिवशी वर पठारावर हलला होता. मागची दरड सुटू लागली होती, दुसरा इलाज नव्हता. आता मठ हलतो, देव हलतात, पण धुनीचं तसं नसतं. पहिल्या नाथांनी पेटवलेली ही धुनी कधी विझलेली नव्हती. तिच्यातलाच विस्तव आणून दिवस मावळायच्या आत नवी धुनी पेटवायची होती. माणसं नारळ घेऊन येऊन बसलीही होती.

सामान हलवायचं काम सदानंदाने मागून घेतलं होतं. मठात येण्याआधी तो सांगलीकडच्या एका मोठ्या गोदामाचा मुख्य होता, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. समया, शंख, पादुका, सगळं त्याने तपासलं, पुसलं, कागदात गुंडाळलं, पेंढ्यात बसवलं. खोक्यांवर ‘नाजूक’ लिहिलं. निघताना हमालांची गाठोडीसुद्धा सोडायला लावून पाहिली.

त्यात हौसाबाई सापडली.

टोळीचा चहा, भाकरी तीच करायची. तिच्या घमेल्यात राख होती आणि राखेखाली विस्तव.

“हा कुठला?”

“धुनीचा.”

“कुणाला विचारून घेतलास?”

“इस्तू घ्याया इचारत्यात व्हय? माझी आज्जी न्हेत हुती, आई न्हेत हुती. मठातलं बाबा सोता काढून देत्यात.”

“बाबांना काय कळतंय सामानातलं? आज सगळं माझ्या ताब्यात आहे. ही चोरी आहे. विझव ते.”

चारचौघांत. आईच्या वयाच्या बाईला. लिहितानाही राग येतो.

तिने विझवलं नाही. “चोराला गाडीत जागा नाही,” असं त्याने म्हटल्यावर तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर घमेलं घेतलं आणि एकटी पायवाटेने डोंगर चढू लागली. गाडी घाटरस्त्याने वळणं घेत निघाली.

“त्या बाईनेच काहीतरी केलं असणार,” सदानंद आता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “निघतानाच नाट लावला तिने.”

“चोर सोडून संन्याशाला सुळी,” गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं.

“कोण बोललं ते?”

“ते ऱ्हाऊ दे,” मागून आवाज आला. “राख कुठाय?”

कान्होनाथबाबा. मठाचे गुरू. नव्या धुनीच्या रिकाम्या कुंडाशी कधी येऊन बसले, ते कुणाला कळलं नव्हतं.

राख विचारल्यावर सदानंदाला जरा धीर आला. तो लगबगीने डबे घेऊन आला.

“ही पाहा, बाबा. विभूती. चाळून, वस्त्रगाळ करून भरलीय. चिमूटभरसुद्धा सांडू दिली नाही.”

“आन् निखारं?”

“एकेक निवडून घेतला. राखेचा कण लागू दिला नाही. अगदी स्वच्छ. वर घट्ट झाकण.”



बाबांनी डबा उचलला आणि सगळी राख हंड्यातल्या गार कोळशांवर ओतली. इतक्या जोरात की सदानंदाचं तोंड पांढरं झालं.

“पांघरूण हुतं रं त्ये त्याचं. पांघरूण काढून येगळ्या डब्यात भरलंस? आन् वर त्याचं नाक-त्वांड दाबलंस?”

बाबांना इतकं चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

सदानंद खाली बसला. तोंडावरची राख पुसली. माणसांकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला.

“बाबा... काडी ओढू. कुणाला कळणार आहे?”

“तुला.”



तेवढ्यात धुराचा वास आला.

अंगणाच्या कडेला चिंचेखाली हौसाबाईने तीन दगड मांडले होते. घमेल्यातली राख सारून तिने गोवरीचा धुमसता तुकडा चुलीत ठेवला आणि फुंकर घातली. जाळ उठला. वर तिने चहाचं पातेलं ठेवलं.

सगळं अंगण तिच्याकडे बघू लागलं.

“माज्याकडं काय बघताय?” ती म्हणाली. “चोरीचा हाय.”

सदानंद उठला. ताडताड तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“आण ते घमेलं इकडे. मठाचं आहे ते.”

“सकाळी न्हवतं व्हय मठाचं? सकाळी इझव म्हणाला तुमी.”

“हे बघ, वेळ नाही. दिवस मावळतोय.”

“मावळू दे. चोरीचा माल देवाला चालत न्हाई, म्हाराज. तुमास्नीच ठावं आसंल.”

सदानंदाने पुढे होऊन घमेल्याचा कान धरला. आणि ओरडून सोडला. लोखंड तापलेलं होतं.

हमाल हसले नाहीत. कुणी पुढेही झालं नाही.

मागे कागद टराटरा फाटल्याचा आवाज आला. ‘नाजूक’ लिहिलेलं एक खोकं बाबांनी फोडलं होतं. पेंढा इकडेतिकडे उडवत त्यांनी आत हात घातला आणि आपलं खापर बाहेर काढलं. मातीचं, काठ झिजलेलं, भिक्षेचं.

ते त्यांनी सदानंदाच्या भाजलेल्या हातात दिलं.

“माग.”

“हिच्याकडे?”

“न्हाईतर कुणाकडं हाय?”

“बाबा, मी... मी हिला सगळ्यांसमोर...”

“सगळ्यांम्होरंच माग.”

सदानंदाने मठात येऊन कधी भिक्षा मागितली नव्हती. तो भांडार सांभाळायचा. दारोदार फिरायला दुसरे होते.

तो हौसाबाईच्या चुलीसमोर उभा राहिला. खापर पुढे केलं.

“अलख...”

हौसाबाईने वर पाहिलं नाही. चहा उकळला होता. तिने तो गाळला, हमालांना एकेक करून दिला. शेवटचा पेला स्वतः घेतला. सावकाश प्यायली.

ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं. नारळ घेऊन बसलेली माणसं चुळबुळू लागली. सदानंदाचा हात भाजून लाल झाला होता, तरी खापर त्याने खाली ठेवलं नाही.

“चोर म्हणालो,” तो शेवटी म्हणाला. “चुकलो, मावशी. चोर म्हणालो मी तुम्हाला.”

आवाज फुटला होता. मागच्या रांगेतल्यांनाही ऐकू गेला.

“अलख निरंजन...”

हौसाबाईने पेला खाली ठेवला. राग तिच्या तोंडावर तसाच होता, आणि का नसावा? एका शब्दाने सकाळ थोडीच पुसली जाते! पण दाराशी आलेल्याला तिने कधी रिकामं पाठवलं नव्हतं. तिने खापरात आधी राख घातली. मग चुलीतला धगधगता तुकडा ठेवला. मग वरून पुन्हा राख.

“झाकू नगा,” एवढंच म्हणाली.

सदानंद अंगण ओलांडून गेला. जपून, खापराकडे बघत, वारा आला की अंगाचा आडोसा करत. कुंडात वाळकं शेण आणि काटक्या रचलेल्या होत्या. बाबांनी खापर उपडं केलं. थोडा धूर झाला, मग जाळ. शंख वाजला. माणसांनी हात जोडले. चिंचेखाली हौसाबाईनेही जोडले.

नारळ फुटले, प्रसाद वाटून झाला, माणसं पांगली. बाबा धुनीशी बसून होते. सदानंद बाजूला उभा होता. काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. फोडलेल्या खोक्याचा पेंढा त्याने गोळा केला, पुन्हा खाली टाकला. हाताला काहीतरी काम हवं होतं.

“बाबा...”

बाबांनी मान वळवली नाही.

“बाकीचं सामान एकदा तपासून घेऊ? काही चोरीला गेलं असेल तर...”

बाबांनी धुनीत एक काटकी सारली.

“गेलं आसंल तर बरं. तेवढं तरी वाचलं आसंल.”